गिऱ्हाइकासमोर बसायचं नाही

माझा दादा वेटर होता. वेटर म्हटलं की लोकांना वाटतं, त्यात काय, प्लेटा उचलायच्या आणि ठेवायच्या. अहो, प्लेटा तर मीही उचलते घरी, रोज तेच करते. दादा डाव्या हातावर कोपरापर्यंत भरलेल्या प्लेटा रचायचा, उजव्या खांद्याने दार ढकलायचा आणि भर गर्दीतून असा निघायचा की सूप हिंदकळायचं नाही. ऑर्डर त्याने कधी लिहून घेतली नाही. टेबलावरच्या सहा माणसांनी सहा गोष्टी मागाव्यात, त्यातल्या पोराने मधेच मन बदलावं, म्हाताऱ्याने मीठ कमी टाका म्हणावं, आणि दादाने नुसती मान हलवून आत जावं. बाहेर यायचं ते ज्याचं त्याच्यापुढे, न विचारता.

हॉटेलात त्याला सगळे 'खांब' म्हणायचे, कारण तो बसायचा नाही. कामाला लागला तेव्हा जुना मालक त्याला म्हणाला होता, "गिऱ्हाईक बसलेलं असताना वेटर बसला, की समज हॉटेल बसलं." मालकाने विनोद केला होता. बाकीचे वेटर हसले आणि जरा फट मिळाली की मागच्या जिन्यात टेकायचे. आमच्या शहाण्याने मात्र तो विनोद मनावर घेतला. सगळी नोकरी उभ्याने केली. जेवायचासुद्धा उभ्यानेच, भटारखान्यातल्या फळीपाशी, एक डोळा दारावर ठेवून. मी त्याला म्हणायचे, "दादा, तुझ्या गुडघ्यांना वाकता येतं का रे, की विसरलेत?" तो म्हणायचा, "गिऱ्हाइकासमोर बसायचं नाही. धंद्याची रीत आहे." म्हटलं, रीत घाल चुलीत.

मग पायांनी संप केला. शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, घोट्याच्या वर जखम झाली आणि काही केल्या भरेना. डॉक्टरांनी सांगितलं, उभं राहणं बंद, अगदीच लागलं तर दहा मिनिटं. तोवर जुना मालक वारला होता. त्याचा मुलगा गल्ल्यावर बसायचा. तो दादाला म्हणाला, "काका, तुम्ही लंगडत आलात की लोकांचं जेवणावरचं मन उडतं." झालं. एवढ्या वर्षांच्या चाकरीचा निकाल एका वाक्यात. दादाने त्याच दिवशी दुपारची पंगत वाढून संपवली, एप्रनची घडी घातली आणि घरी आला. मी असते तर तो एप्रन त्या पोराच्या डोक्यात घातला असता.

ज्यांना काम करता येत नाही त्यांना सरकार भत्ता देतं. दादाला तो मिळू लागला. भत्ता म्हणजे काय, तर माणूस मरणार नाही आणि जगल्यासारखंही वाटणार नाही, इतपत काहीतरी. खोलीचं भाडं आणि वहिनीची औषधं त्यातून कशीबशी निघायची. बाकी सगळं कशात बसवायचं ते ज्याचं त्याने बघावं.

त्यांनी कसं बसवलं ते मी बघत होते. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, लॉण्ड्रीत इस्त्रीला जाते, जाता-येता डोकावायचे. खोली आणि स्वयंपाकाचा आडोसा मिळून दिवा एकच होता. म्हणजे होल्डर दोन होते, पण बल्ब एक. वहिनी स्वयंपाक आटोपला की फडक्यात धरून तो गरम बल्ब काढायची आणि बाहेरच्या खोलीत लावायची. फ्रिजचं बटण बंद करून आत कपडे ठेवले होते. दोघांत चष्मा एक. दादाचा मोडला तेव्हापासून वहिनीचाच आळीपाळीने. तिला गोळ्यांवरची नावं वाचायला लागायचा, म्हणून तो बहुतेक तिच्याकडेच असायचा. गॅस पुरवायचा म्हणून चूल दिवसातून एकदाच पेटायची, संध्याकाळी. तेव्हाच दुसऱ्या दिवशीचंही उकडून ठेवायची, बटाटे, भाजी, जे असेल ते. आणि हे सगळं इतकं स्वच्छ, इतकं नीटनेटकं, की परक्याला वाटावं, काय सुखाचा संसार आहे! मला त्या नीटनेटकेपणाचाच राग यायचा. अरे, गरिबी आहे तर दिसू दे ना जरा! पण नाही. आमचा राजा संध्याकाळी दोन उकडलेले बटाटे प्लेटमध्ये ठेवायचा तेसुद्धा फडकं हातावर घेऊन. वहिनीपुढे वाकून म्हणायचा, "आज खास काय आहे विचारू नका, बाईसाहेब." ती हसायची. मलाही हसू यायचं, खोटं कशाला बोलू.

मी काही नेलं तर उपयोग नसायचा. "आत्ताच जेवलो." दोघांचं एकच उत्तर, एका सुरात. माझ्या घरी तरी काय सोन्याचा धूर निघत होता? दोनदा आग्रह करायचे, तिसऱ्यांदा डबा उचलून परत आणायचे.

त्यात एक गोष्ट बरी होती, निदान मला तेव्हा बरी वाटायची. दुपारी दादा जुन्या हॉटेलात जेवायला जायचा. मालकाचा पोरगा कसाही असला तरी मुख्य आचारी दादाचा जुना दोस्त होता. तो म्हणे दादाला रोज बोलवायचा, मागच्या दाराने आत घेऊन पोटभर खाऊ घालायचा. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, सावकाश काठी टेकत दुपारी बाहेर पडायचा आणि तिसऱ्या प्रहरी परत यायचा. आल्यावर वहिनीला सांगायचा, आज काय होतं. आणि सांगायचा कसं! सूप कसं दाट होतं, मासा कसा वरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा, आचाऱ्याने शेवटी बळेच पुडिंग कसं वाढलं. वहिनी हातातलं काम ठेवून ऐकायची. म्हणायची, "तुमच्या सांगण्यानेच माझं पोट भरतं." एक दिवस मी म्हटलं, "अरे, इतकं खातोस तर जातं कुठे? गालफडं बघ कशी बसलीत." तो म्हणाला, "वय झालं की खाल्लेलं अंगी लागत नाही." मी मूर्ख, मान डोलावली.

भत्ता दर वर्षी तपासतात. माणूस बरा झाला असेल, चोरून काम करत असेल, तर सरकारची फसवणूक नको ना! एरवी कार्यालयात बोलावतात. या खेपेला म्हणाले, घरी येऊ. तपासणीची बाई येणार म्हटल्यावर मी दादाला आदल्या दिवशी बजावून सांगितलं, "हे बघ, पाय वर घेऊन झोपून राहा. दाढी करू नकोस. काठी हाताशी ठेव. बाईंनी विचारलं तर कण्हून सांग." दादा म्हणाला, "कण्हून कशाला सांगायचं? जे आहे ते सांगू." वहिनीने माझ्याकडून कपभर दूध मागून नेलं. म्हणाली, आमचं नासलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्यांच्याकडे नासायला दूधच नसतं.

मी जेवणाच्या सुट्टीत धावतपळत त्यांच्या घरी पोचले आणि दारातच कपाळाला हात लावला. घरात एकच खुर्ची. तिच्यावर तपासणीची बाई बसलेली, मांडीवर कागद. वहिनी पलंगाच्या कडेला. आणि दादा भिंतीपाशी ताठ उभा! गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, डाव्या हातावर पांढरं फडकं, उजवा हात पाठीमागे. बाईंच्या हातात चहाचा कप, खाली बशी, बशीत चमचा. दादाने स्वतः केलेला, स्वतः आणून दिलेला चहा. काठी कुठे दिसेना. ती पलंगाखाली सरकवली होती, पसारा दिसू नये म्हणून.

"दादा, बस ना," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गिऱ्हाइकासमोर नाक शिंकरलंय.

"मीही मघापासून सांगतेय त्यांना," बाई हसून म्हणाल्या, "ऐकतच नाहीत. किती छान चहा करतात हो तुमचे भाऊ!"

बाई वाईट नव्हती, हेच तर दुखणं. वाईट असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती विचारत होती, टिपून घेत होती. जिने चढता येतात का? दादा म्हणाला, "चढतो की, सावकाश." घरातली कामं जमतात का? "जमतात थोडीफार." दुखतं का? "चालायचंच." मी मागून डोळे वटारतेय, खोकतेय, पण त्याचं लक्ष बाईंच्या कपाकडे. अर्धा झाला की पुढे झुकून, "अजून थोडा?" त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो घाम मला दिसला. बाईंना दिसला असेल तर त्यांनी तो उकाड्याचा समजला असेल. चेहऱ्यावर मात्र रेघ नाही. गिऱ्हाइकाला आपलं दुखणं दाखवायचं नाही, हेही त्याला कुणीतरी शिकवलं असणार, किंवा तो आपणच शिकला असेल.

शेवटी बाईंनी वहिनीला विचारलं, "खाण्यापिण्याची आबाळ होत नाही ना?"

तर वहिनी काय म्हणाली असेल? आयुष्यभर जे म्हणत आली तेच. "नाही हो. काही कमी नाही." आणि वर मान ताठ करून, "दुपारचं तर हे बाहेरच जेवतात. जुन्या हॉटेलात. रोज बोलावतात, मानाने." दादा एकदम खाली वाकून कप उचलायला लागला. बाई कागदावर लिहीत होत्या. त्या गेल्यावर दार लागलं आणि दादा पलंगावर असा कोसळला की पलंगाची फळी करकरली. त्याचा मोजा काढला तर जखमेतून पाणी येऊन चिकटला होता.

"काय गरज होती?" मी ओरडले. "काय गरज होती रे तिच्यासमोर उभं राहायची?"

"अगं, ती बसली होती ना," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात मोबाइलवर मेसेज आला, भत्ता बंद. वहिनीने चष्मा लावून तो वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. मी लॉण्ड्रीतून अर्धा दिवस मागून कार्यालयाच्या खिडकीवर गेले. खिडकीतल्या माणसाने संगणकात बघून सांगितलं, कारणं दोन. एक, संपूर्ण तपासणीत स्वतः उभे होते, न थकता, आणि स्वतः चहा करून पाहुण्यांची सरबराई केली. तेव्हा उभ्याचं काम करायला हरकत दिसत नाही. दोन, पूर्वीचा मालक रोज जेवू घालतो. ते नुसतं जेवण असेल कशावरून, कामाचा मोबदलाही असू शकेल. निकाल मान्य नसेल तर अपील करा, सुनावणी होईल.

"अहो, तो उभा होता कारण तो वेटर आहे!" मी म्हटलं.

"तेच ना," खिडकीतला माणूस म्हणाला. "वेटर उभ्यानेच काम करतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काचेच्या आडच्या माणसावर ओरडून आपलाच घसा बसतो. अपील केलं. घरमालकाने तोवर दारावर थापा मारायला सुरुवात केली होती. भत्ता परत सुरू झाला नाही तर खोली जाणार, हे त्याने स्वच्छ सांगितलं. आणि वहिनीने गोळ्या मधोमध तोडून अर्ध्या-अर्ध्या घ्यायला सुरुवात केली. मला म्हणाली, "डॉक्टरांनीच सांगितलंय." डॉक्टरांच्या दाराची पायरी ती कधी चढली होती, देव जाणे.

मी विचार केला, उभं राहण्याचं डॉक्टरांच्या चिठ्ठीने सिद्ध होईल. जेवणाचं काय? तर आचाऱ्याला सुनावणीला नेऊ. तो सांगेल, कामबिम काही नाही, दोस्त म्हणून जेवू घालतो. एवढ्याने काम होईल. म्हणून मी हॉटेलात गेले, मागच्या दाराने. आचारी मोठा धिप्पाड माणूस, हात पिठाने माखलेले. मी दादाची बहीण म्हटल्यावर त्याचा चेहरा फुलला.

"खांबाची बहीण? या, या! कसा आहे तो? इकडे फिरकतच नाही!"

"फिरकत नाही म्हणजे?"

"नोकरी सोडून गेला तो गेलाच. एकदा समोरच्या फुटपाथवरून जाताना दिसला. मी हाक मारली, ये, जेवून जा. तर हात हलवून म्हणाला, पोट भरलंय, घाई आहे. त्याला कसली आलीय घाई?"

मला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं. आचाऱ्याने पाणी दिलं, ते मी प्यायले. तो मला काही डब्यात भरून देत होता, ते घ्यायचंसुद्धा भान राहिलं नाही.

दादा दुपारी कुठे असतो हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. लंगडा माणूस जाऊन जाऊन किती लांब जाणार? चौकापलीकडे फुकटचं वाचनालय आहे. आत लांब टेबलं, खुर्च्या, कुणी हटकत नाही. तिथे कोपऱ्यात तो बसला होता, एक पाय बाकड्यावर घेऊन. समोर वर्तमानपत्र उघडलेलं. मी जाऊन शेजारी बसले.

"काय वाचतोयस?"

तो दचकला. "हेच आपलं. बातम्या."

"चष्मा कुठंय तुझा?"

चष्मा घरी वहिनीकडे होता. तो रोज दुपारभर न दिसणाऱ्या अक्षरांसमोर पानं उलटत बसायचा.

"आज काय जेवलास?" मी विचारलं.

"आज सूप होतं गं, आणि मग…" तो सवयीने बोलून गेला. मग माझं तोंड बघून थांबला. शेजारच्या माणसाने 'शू' केलं, मी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून दुसरीकडे गेला.

दादाने मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जसं एखाद्या नव्या वेटरला टेबलं समजावून द्यावीत. वहिनीला दुपारची गोळी लागते. रिकाम्या पोटी घेतली की तिला उलट्या होतात. आणि दुपारी उरतं ते एकाच्याच जेवणाएवढं. "मी घरात असलो की ती मला वाढणार. कितीही नको म्हण, वाढणार. आणि स्वतः आत्ताच जेवले म्हणणार. तुला माहीतच आहे ती. मग मी घरातच नसायचं ठरवलं."

"आणि ते सूप? मासा? पुडिंग?"

"ते आपलं तिच्या समाधानासाठी. मला पाठ आहेत सगळे पदार्थ." तो जरासा हसला. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि मिठीही मारावीशी वाटली. वाचनालयात दोन्ही करता येत नाही.

"सुनावणीत हे सांगावं लागेल, दादा. नाहीतर भत्ता गेला, खोली गेली."

"सांगेन. पण तिच्यासमोर नाही. ती बाहेर बसेल."

वहिनी बाहेर बसणार नव्हती. जेवणाचं तिनेच सांगितलेलं, म्हणून कार्यालयाने तिलाही आत बोलावलं होतं. हे त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून सुनावणीपर्यंत मी रोज त्याच्या मागे लागले. विनवलं, भांडले, एकदा तर रडले. तो म्हणायचा, "बघू." मी म्हटलं, "बघू काय, बोल!" तो म्हणायचा, "बोलेन गं." पण डोळे चुकवायचा.

सुनावणीची खोली लहान होती. टेबलापलीकडे साहेब, वयस्कर, चांगल्या घरचे वाटणारे, बाजूला टाइप करणारी मुलगी. अलीकडे आम्हा तिघांसाठी तीन खुर्च्या. दादा दारातच थबकला. मी त्याच्या शर्टाला मागून धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि शर्ट सोडला नाही.

"तपासणीच्या वेळी पूर्ण वेळ उभे का होतात?" साहेबांनी विचारलं.

"बाई बसल्या होत्या, साहेब."

"म्हणजे?"

"गिऱ्हाईक बसलेलं असताना वेटरने बसायचं नसतं."

"त्या गिऱ्हाईक नव्हत्या. त्या तुमचा भत्ता तपासायला आल्या होत्या."

"माझ्या घरी आल्या होत्या ना, साहेब," दादा म्हणाला.

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. मी पुढे होऊन दादाची पँट गुडघ्यापर्यंत वर केली, मोजा खाली ओढला. टाइप करणाऱ्या मुलीने तोंड फिरवलं. साहेबांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, झाका ते." पहिला मुद्दा निकालात निघाला. माझा जीव भांड्यात पडला.

"आता जेवणाचं. पूर्वीच्या मालकाकडे रोज दुपारी जेवण मिळतं, असं तुमच्या पत्नीनेच सांगितलंय. बरोबर?"

वहिनीने मान हलवली. तशा जागीसुद्धा तिच्या तोंडावर अभिमान होता हो! म्हणाली, "आचारी फार जीव लावतो त्यांना."

साहेब दादाकडे वळले. "मिळतं ना?"

मी दादाचा शर्ट घट्ट धरला. तो वहिनीकडे बघत होता. टाइप करणारी मुलगी बोटं उचलून थांबली होती.

"मिळतं," दादा म्हणाला.

मला आजही त्या शब्दाचा राग येतो. खोली जात होती, औषधं जात होती, आणि हा माणूस न खाल्लेल्या जेवणाला हो म्हणत होता! मी उठून उभी राहिले.

"खोटं बोलतोय तो! साहेब, खोटं आहे ते. नोकरी सुटल्यापासून त्याने त्या हॉटेलची पायरी चढलेली नाही. आचारी बाहेर बसलाय, बोलवा त्याला. हा रोज दुपारी वाचनालयात बसतो. उपाशी! घरात एकाचंच असतं म्हणून!"

"खाली बसा बाई," साहेब म्हणाले. मग दादाला, जरा हळू आवाजात, "खरं काय ते सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे."

दादा उठला. मी शर्ट धरून ठेवला होता तरी उठला, शर्ट ताणला गेला. हात पाठीमागे घेऊन, ताठ उभा राहून त्याने सांगितलं. "दुपारी जेवत नाही, साहेब. वाचनालयात बसतो." एवढंच. त्याने वहिनीकडे पाहिलं नाही.

खोलीत टाइपिंगचा आवाज होत राहिला. मग वहिनी बोलली. साहेबांशी नाही, कुणाशीच नाही.

"मी रात्री यांना अर्धंच वाढत होते," ती म्हणाली. "दुपारी पोटभर होतं म्हणून. रोज अर्धंच. म्हटलं, यांना रात्री कशाला जड." मग दादाकडे वळून तिने त्याच्या हातावर चापट मारली, जोरात, पोराला मारावी तशी. "आणि तुम्ही खायचात! अर्धं खाऊन वर बास म्हणायचात! काही बोलला का नाहीत हो?"

साहेब चष्मा पुसत होते. त्यांनी मुलीला सांगितलं, जेवणाचा मुद्दा रद्द, भत्ता मंजूर. मुलीने ते टाइप केलं. आम्ही जिंकलो होतो. बाहेर आचारी उठून पुढे आला आणि आमची तोंडं बघून दादाच्या काखेत हात घालून त्याच्याबरोबर चालू लागला.

भत्ता सुरू झाला. पण मधले बंद पडलेले महिने त्यांनी दिले नाहीत. नियम नाही म्हणे. त्या महिन्यांचं भाडं तुंबलंय, ते फेडायचंय, त्यामुळे घरात आहे ते आधीपेक्षाही कमीच आहे. दादा आता दुपारी घरीच असतो. वहिनी त्याला बाहेर जाऊ देत नाही. परवा दुपारी मी गेले तर ती त्याच्या ताटात वाढत होती, तो बास म्हणत होता आणि ती ऐकत नव्हती. तिचं ताट कुठे दिसलं नाही.

"आणि तुम्ही, वहिनी?" मी विचारलं.

"मी मघाशीच जेवले," ती म्हणाली. "तुमच्या भावाला विचारा. पोटभर जेवले."

दादाने मान वर केली नाही. ती समोर बसून तो घास गिळतोय की नाही ते बघत होती आणि तो गिळत होता.